बांगड्याच्या दिवसांतले बूट

दिवाळी सरून आठवडा होतो न होतो तोच आमच्या किनाऱ्यावर बांगडा लागतो. सकाळी दार उघडलं की वाऱ्यावर पहिला वास त्याचा येतो आणि दुपारपर्यंत घराघरांतून तिरफळ घातलेल्या आमटीचा. अंगणात कोणाची तरी मांजर पोट फुगवून निवांत पडलेली असते. वर्षातले हे सहा-सात आठवडे मला एके काळी फार आवडायचे. आता ते आले की मला आधी पाय दिसतात. खरं सांगायचं तर लोकांच्या पायातले बूट दिसतात, आणि माझं डोकं फिरतं.

कारण ह्याच दिवसांत पाहुणे येतात. तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्या थांबतात आणि त्यांतून माणसांच्या आधी बूट उतरतात. केवढाले ते! तळाला चार बोटं जाडीचा फुगीर थर, टाचेत पारदर्शक फुगा, बाजूला चांदीच्या पट्ट्या, नाड्या पोपटी. आणि हे सगळं घालून ही माणसं जातात कुठे, तर वाळूत! समुद्राने फुकटात अंथरलेल्या गादीवर स्वतःची विकतची गादी पायाला बांधून चालायचं, आत वाळू गेली की एका पायावर नाचत ती झाडायची, आणि पुन्हा तेच घालायचं. मागल्या रविवारी एक गृहस्थ असेच पाण्याच्या कडेने छाती काढून चालले होते. लाट जरा वर आली तर 'बूट! बूट!' असं ओरडत माडांपर्यंत पळाले. बायको मागे गुडघाभर पाण्यात उभी होती, तिच्या नावाने एक हाक नाही.

त्यांना हसायचा हक्क मला उरलेला नाही, हे मला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात माझीच टाच धरली. नऊ वर्षं शाळेच्या फरशीवर उभं राहून शिकवलं, त्याचं हे बक्षीस. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत दाभण खुपसल्यासारखं व्हायचं. मग दहा-बारा पावलं लंगडायचं, मग जरा बरं, मग संध्याकाळी पुन्हा तेच. कणकवलीच्या डॉक्टरांनी अंगठ्याने टाच दाबली, मी किंचाळले, ते समाधानाने हसले.

"मऊ तळाचे, धावायचे बूट घ्या."

"मी धावत नाही हो."

"धावू नका. नुसते घाला. घरातही घाला, शाळेतही घाला."

म्हणून ह्या दिवाळीनंतर मी एका दुकानात गेले. तिथला विक्रेता माझ्या पायाकडे न बघता माझ्या पर्सकडे बघत होता. त्याने एक बूट उचलून कणीक मळावी तसा दोन्ही हातांनी दाबला, वाकवला, पिळला आणि म्हणाला, "मॅडम, ढगावर चालल्यासारखं वाटेल."

"तुम्ही चाललात कधी ढगावर?"

तो हसला. त्यांना हसायचं शिकवलेलं असतं. दुकानात चार हात गालिचा अंथरलेला होता, त्यावर चालून बघा म्हणाला. गालिच्यावर काय, अनवाणीसुद्धा बरंच वाटतं! मी गालिचा सोडून दारातल्या सिमेंटवर जाऊन चालले. करंगळी दबत होती. तसं सांगितलं तर म्हणे, "आधी घट्ट वाटतो मॅडम, वापरला की सैल होतो." हे वाक्य मी लग्नं जमवणाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे आणि त्यांच्यावरही कधी विश्वास ठेवला नाही. मी त्याला म्हटलं, "एक नंबर मोठा आणा, आणि पुढून रुंद असलेला आणा. मी संध्याकाळी परत येऊन घालून बघेन. दिवसभरात पाय फुगतो. सकाळचं माप खोटं असतं."

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्हाला बरंच माहीत आहे की बुटांतलं."

मी पर्स उचलली. ते मी कुठे शिकले, हे ह्याला कशाला सांगायचं?

माझी आई शेवंता मासे विकायची. तिला आम्ही आये म्हणतो. पहाटेच्या लिलावात पाटी भरून घ्यायची आणि किनाऱ्यावरून आत, चढ चढून, वाड्यावाड्यांतून फिरायचं, हा तिचा पस्तीस वर्षांचा नेम. गिऱ्हाइकं ठरलेली. कुठल्या घरात पेडवे चालतात, कुठे मोरीशिवाय दुसरा मासा खपत नाही, कुणाची सून बाळंतीण आहे म्हणून तिला काय द्यायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. चपला तिला कधी मानवल्या नाहीत. ओल्या वाळूत त्या फटफटतात आणि चढावर पायातून निसटतात, त्यामुळे वर्षानुवर्षं ती अनवाणीच. तिचे पाय मी लहानपणापासून बघत आले आहे. टाच अरुंद, पुढे मात्र सगळी बोटं सुटी सुटी, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ह्यांत पेन्सिल मावेल एवढी फट. शाळेत माझ्या मैत्रिणीच्या आईचे पाय निमुळते होते, त्यांवर जोडवी शोभून दिसायची. मला आयेच्या पायांची लाज वाटायची. आता लपवून काय करू?

दोन हजार तीन सालच्या चतुर्थीला माझा मोठा भाऊ मुंबईहून आला. दादा परळला एका ऑफिसात शिपाई होता. आरती झाल्यावर आये प्रसाद वाटत फिरत होती, तेव्हा त्याला ते दिसलं. रोज तिच्याबरोबर राहून मला दिसलं नव्हतं.

"आये, पाय कित्याक ओढतंस?"

"खंय ओढतंय? जाग्यारच आसा पाय."

"सरळ सांग."

"टाच मेली सकाळची जमनीक लावक देना नाय," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर मोदक ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, फिरणं बंद करा. घरी येऊन आयेने त्या डॉक्टरांचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. "तो सांगता बस. मी बसलंय तर गिऱ्हायकां थांबतली? तो फटफटयेवालो टपानच बसलोहा."

फटफटीवाला म्हणजे मोटारसायकलच्या मागे थर्माकोलची पेटी बांधून आतल्या वाड्यांत मासे विकणारा एक माणूस. त्या वर्षी तो नवीनच फिरायला लागला होता. आये निम्म्या चढावर असायची तेव्हा तो पेटी रिकामी करून परत निघालेला असायचा. "तेच्या बांगड्यांचे डोळे बघ," ती म्हणायची. "म्हयनोभर मयतात जावन इलेले." पण ती भ्यायली होती. एक दिवस जरी चुकला तरी लोक त्याच्याकडून घेणार, आणि एकदा घेतले की सवय लागणार. तिला त्या बांगड्याच्या दिवसांत चालायचंच होतं. तिचं सगळं त्या चालण्यावर होतं. पैसा तर होताच, पण त्याहून जास्त म्हणजे दहा गावच्या बायकांची खबर, थट्टा, मान. घरात बसलेली शेवंता तिला स्वतःलाच ओळखता आली नसती.

तेव्हा दादा म्हणाला, "मी बूट धाडतंय. आमच्या ऑफिसातले सायब लोक घालतत. ढोपरां गेलेले म्हातारेसुद्धा तेंतून चलतत."

आणि लगेच त्याने माप घेतलं. आमच्याकडे मुंबईहून येणाऱ्या चपलांची मापं कशी जातात ते सांगते. केरसुणीतली एक हीर काढायची, पायाखाली धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजायची आणि तिथे मोडायची. हीर खिशात घालून माणूस गाडीत बसतो. दुकानदाराच्या पुढे ती ठेवली की झालं. आमच्या अख्ख्या वाडीचे पाय असे हिरांच्या रूपाने मुंबईला जाऊन आले आहेत. आये पडवीत बसली होती, तांदूळ निवडत. दादाने तिथेच खाली वाकून तिच्या पायाखाली हीर सरकवली आणि कट्‌कन मोडली.

दिवाळीच्या तोंडावर गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी खोका आला. आत पांढरे फुगीर बूट, निळ्या पट्ट्यांचे. आयेने आधी त्यांचा वास घेतला. मग पाय आत घालायला गेली तर पाय अर्ध्यावर अडला. तेल लावलं. मी मागून ढकललं. अखेर एक गेला, आणि ती उभी राहिली तशी तिचे डोळेच पांढरे झाले.

"ह्यां काय बूट काय सापळो? बोटां एकामेकाच्या उरार बसली!"

लांबीला अगदी बरोबर होता हो तो! हीर खोटी नव्हती. पण हीर लांबी सांगते, रुंदी तिला कुठून कळणार? चपलेला बाजू नसतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ह्या मापाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बुटाला भिंती असतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शिवाय बसलेल्या बाईचा पाय मोजून चालणाऱ्या बाईला बूट आणले. त्या संध्याकाळी फोनवर मी दादाला जे बोलले त्यात माझा सगळा मास्तरीणपणा होता. तुला अक्कल नाही, मुंबईत राहून काय शिकलास, असंच सगळं. तो बिचारा एवढंच म्हणाला, "बदलून देतत. बरां माप धाड."

ते बरं माप मी काढलं, त्याचा मला तेव्हा काय गर्व झाला होता! संध्याकाळी, दिवसभराची फिरती करून आये आली, तेव्हा मी तिला बसू दिलं नाही. वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं. ती पाय ठेवून उभी राहिली. मी पेन्सिलीने कड ओढायला लागले, तर तीच म्हणाली, "थांब. अशी मी खंय चलतंय?" परसातून पाटी मागवली, तीत पाण्याने भरलेल्या दोन कळशा ठेवल्या आणि ती डोक्यावर घेऊन पुन्हा कागदावर उभी राहिली. तेव्हा मी बघितलं. पाय माझ्या डोळ्यांदेखत पसरला. मघाच्या रेघेच्या बाहेर, चांगला बोटभर. कमान खाली बसली, करंगळी बाजूला सरकली, अंगठा पुढे गेला. मी दुसरी रेघ ओढली. एका पायाच्या दोन रेघा, एक रिकामी आणि एक ओझ्याची. मी खाली वाकलेली, ती वर मान ताठ धरून हसत होती. "गुदगुल्यो होतत गो, वेगान कर."

खोक्याबरोबर परत धाडलेलं ते वर्तमानपत्र दादाने दुकानात नेऊन दाखवलं. तिथले लोक हसले म्हणे. हसू देत मेले. पण त्यांच्यातल्या कुणी तरी शहाण्याने बाहेरची रेघ बघितली, पुढे अंगठाभर जागा धरली आणि पुरुषांचा रुंद जोड दिला. करडा, अगदी साधा. तो आला तेव्हा बांगडा नुकताच लागला होता.

आयेने तो घातला, पाटी घेतली, अंगणात तीन पावलं टाकली आणि थांबली. मला वाटलं, परत दुखलं.

"गो," ती म्हणाली, "खालसून कोण तरी हात देता."

नाड्यांचा मात्र तिला वैताग आला. तिच्या पावलावर वर एक उंचवटा आहे, त्यावर नाडी करकचायची. दुसऱ्या दिवशी बघते तर तिने नाड्या काढून टाकून जाळ्याचा नायलॉनचा दोरा ओवलेला, आणि तोही मधली दोन भोकं सोडून, म्हणजे उंचवट्यावर काही येतच नव्हतं. टाच मागे घट्ट, बोटं पुढे मोकळी, वर कुठे काच नाही. एवढं तर त्या परवाच्या विक्रेत्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. आणि आये चालायला लागली. पंधरा दिवसांत पाय ओढणं थांबलं. फटफटीवाल्याच्या आधी ती वरच्या वाडीत पोचू लागली, आणि घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवू लागली. "माका बघून तेची पेटी थंड पडली," म्हणायची. ती पेटी थंडच असते, पण सांगणार कोण तिला. ती इतकी हसत असायची की मीही हसायचे.

इथपर्यंत लिहिताना बरं वाटतं.

आमची शाळा तिच्या वाटेवर आहे. माझ्या नोकरीला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मासेवाल्या शेवंताची मुलगी बाई झाली, हे त्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते तोंडावर बोलून दाखवत नव्हतं. ह्या न बोलण्याची मला इतकी सवय झाली होती की मी स्वतःच ते विसरले होते. एका सकाळी परिपाठ चालू असताना आये रस्त्याने गेली. काष्ट्याचं लुगडं पोटरीपर्यंत, डोक्यावर पाटी, आणि खाली ते दोन भले मोठे करडे बूट. आधी एक पोरगा फिसकन हसला. मग रांगेतून कुणी तरी ओरडलं, "गे आजये, मॅच खंय आसा गो?" मग सगळी शाळा. आयेने मान न हलवता, पाटी सांभाळत उत्तर दिलं, "तुज्या आवशीच्या अंगणात! ये बॅट घेवन!" आणि गेली पुढे. तिला काही वाटलं नाही. पोरंसुद्धा तिच्यावर खूश झाली असतील.

पण शिक्षकांच्या खोलीत आमच्या चित्रकलेच्या बाई पदर सावरत, गोड आवाजात म्हणाल्या, "मंगलबाई, तुमच्या आई का हो त्या? छान! ह्या वयात फॅशनची एवढी आवड!" त्या बाईंचं मराठी फार शुद्ध होतं आणि आयुष्यात त्यांनी कपबशीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्यांच्या मताला मी आज फुटक्या करवंटीची किंमत देणार नाही. त्या दिवशी मात्र माझे कान तापले. उरलेले तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी आये पडवीत बसून बुटांच्या तळातली खडी काट्याने काढत होती. मी पिशवी टाकली आणि म्हटलं, "आये, ते घालून शाळेकडसून जाव नको. सर्कशीतला अस्वल दिसतंस."

तिने वर बघितलं. मग हातातल्या बुटाकडे बघितलं.

"बरां," म्हणाली.

एवढंच. मला वाटलं होतं भांडेल, शिव्या घालेल, शिरा पडो तुझ्या तोंडार म्हणेल. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी रस्त्याकडे डोळे लावून उभी होते. ती आली, एका हाताने पाटीचा काठ धरलेला, दुसऱ्या दंडाला रेक्झिनची पिशवी, आणि पाय अनवाणी. त्या महिन्यात शाळेसमोरच्या रस्त्याचं काम चाललं होतं, सगळीकडे खडी पसरलेली. ती जपून, पाय टेकवत टेकवत चालली होती. पोरं हसली नाहीत. चित्रकलेच्या बाई काही बोलल्या नाहीत. आणि मला, देवाशपथ सांगते, बरं वाटलं. म्हटलं, सुटलं एकदाचं ते खूळ.

मग रोज तसंच. बांगडा संपला, थंडी संपली, शिमगा आला. पाय पुन्हा ओढायला लागली. मे महिन्यात एक दिवस सकाळी ती खाटेवरून उठली आणि खाली बसली ती बसलीच. पावसाळा तसाच गेला. पुढचा बांगडा आला तेव्हा तिच्या सगळ्या घरांना फटफटीवाला मासे घालत होता. दादाने फोनवर विचारलं, बुटांचा उपयोग नाय झालो? मी म्हटलं, "तिने पुढे वापरलेच नाहीत रे. तुझी आपली हौस." एवढं सांगून मी फोन ठेवला, आणि मला वाटत राहिलं की मी घरातली शहाणी.

आता ह्या वर्षीचं सांगते. ते विकतचे ढग पायात घालून मी सकाळी फिरायला जाते. शाळेच्या पलीकडच्या चढावर रोझीबायचं घर आहे. आयेचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. शुक्रवारी तिला मटण वर्ज्य, त्या दिवशी घरात मासे नसले तर तिला उपास घडल्यासारखं व्हायचं. गेल्या आठवड्यात ती आपल्या दगडी गडग्याला टेकून उभी होती. मला बघून हाक मारली.

"गो मंगल, हे शेवंताचे काय गो?"

"नाय गो रोझीबाय, माझे. तिने पुढे कुठे वापरले?"

"वापरूक नाय?" रोझीबाय माझ्याकडे बघतच राहिली. "ह्या गडग्यार रोज पाटी टेकय, हय खाली बसा, पिशयेतसून बूट काढी, पायाची खडी पुसून घाली. मगे पाटी परत डोक्यार. मी एकदा म्हटलंय, घरासून घालून येव नाय काय? तर म्हणता, घालूनच येतंय गो. गिरणीकडे काढतंय आणि हय घालतंय. मधी चेडवाची शाळा आसा."

चेडू म्हणजे मी. पिठाची गिरणी शाळेच्या अलीकडे, गडगा शाळेच्या पलीकडे. मधलं अंतर फारसं नाही, दोन वळणं. पण भरलेली पाटी एकट्या बाईला उचलून डोक्यावर घेता येत नाही, दुसरीचा हात लागतो. बाजारात बायका एकमेकींना तो देतात. तिथे तिला हात द्यायला कोण होतं? सकाळी दोनदा उतरवायची आणि दोनदा चढवायची, परतताना पुन्हा तेच. आणि मधली दोन वळणं खडीवरून, धरलेल्या टाचेने. डॉक्टरांनी अंगठ्याने दाबली तेव्हा मी किंचाळले होते, तसल्याच टाचेने. ती पिशवी रोज माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मला वाटायचं तीत कोयता असेल.

मी तशीच घरी आले. आये मागच्या दारी बसून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, साफ करत होती, डोकी मोडून एका बाजूला, अंगं दुसऱ्या बाजूला. मी समोर बसले.

"आये, तू शाळेकडे बूट काढून जायचीस?"

"कोणी सांगला? रोझ्यान?" तिचा हात थांबला नाही. "तेच्या तोंडात तीळ भिजना नाय."

"कित्याक काढीस?"

"तूच म्हणलंस मां."

"मी म्हटलं म्हणून? मी काय वाट्टेल ते बोलेन! भांडायचं होतंस. माझ्या तोंडात मारायची होतीस."

"तुजी नोकरी नयी होती," ती म्हणाली. "पोरां बायच्या आवशीक हसाक लागली, की मगे बायक हसतत. वर्गात तुका कोणी मानल्यान नसतो."

"आणि पाय? त्या खडीवरून?"

"पाय काय, माजेच होते," आये म्हणाली. "मान तुजो होतो."

आयुष्यभर मी लोकांना नावं ठेवली. पाहुण्यांना, विक्रेत्यांना, दादाला, चित्रकलेच्या बाईंना, ह्या पानावर आत्तापर्यंत कुणाला सोडलं नाही. आणि त्या सगळ्यांत हलकं माणूस कोण होतं ते मला तिथे, त्या सुंगटांच्या वासात, सहा वर्षं उशिरा कळलं. मला रडू आलं. त्या रडण्याचीसुद्धा मला शिसारी आली, कारण ते ऐकून घ्यायचं काम पुन्हा तिच्यावरच पडत होतं.

तिने थोडा वेळ रडू दिलं. मग सुपातली सुंगटं माझ्या पुढ्यात सरकवली.

"बसलंस कित्याक?" म्हणाली. "हात चलय."